सून परदेशातून येते ती भर आषाढात : रत्नागिरीच्या पावसात एक दिवस बाहेर कसे पडावे

हॉलंडमधल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये पडते, त्यामुळे आमची सून आणि दोन्ही नातवंडे रत्नागिरीला येतात ती नेमकी भर आषाढात. आंबा संपलेला असतो, उरलासुरला फणस पाणी लागून बेचव झालेला असतो, पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, जाऊन बसण्याची सोय नसते आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या ओटीपासून माजघरापर्यंत पोहोचलेल्या असतात. पहिले चार-पाच दिवस पागोळ्यांखाली हात धरण्यात, पऱ्यात कागदाच्या होड्या सोडण्यात आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात निघून जातात. सहाव्या दिवशी मात्र मुले खिडकीच्या गजांना लटकू लागतात आणि सून काही बोलली नाही तरी तिची बाहेर पडण्याची इच्छा चेहऱ्यावर दिसते. ज्यांच्या घरी परदेशातली सून किंवा जावई याच दिवसांत येतात, त्यांनी हा सहावा दिवस कसा आखावा, हे मी आमच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे.

पहिल्या वर्षी आम्ही चूक केली. इतक्या लांबून आली आहेत तर सगळे दाखवले पाहिजे, या भावनेने सकाळी पावस, मग थिबा राजवाडा, दुपारी गणपतीपुळे आणि संध्याकाळी मार्लेश्वर असा बेत ठरवला. पावस दक्षिणेला, गणपतीपुळे उत्तरेला आणि मार्लेश्वर थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी. परिणामी दिवसभर आम्ही गाडीतच होतो. काचा धुक्याने भरलेल्या, सात माणसांच्या ओल्या कपड्यांचा वास, मागच्या सीटवर नातीला वळणांनी उलटी, आणि मार्लेश्वर तर गाठलेच नाही, कारण देवरुखच्या अलीकडेच अंधारून आले. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळते : एक ठिकाण भिजण्याचे, एक ठिकाण कोरडे, मध्ये जेवण, आणि जेवणाआधी सगळ्यांचे कपडे बदललेले. भिजणे सकाळी उरकावे आणि कोरडे ठिकाण दुपारनंतर ठेवावे. उलट केले तर मुले भिजलेल्या अंगाने घरी येतात आणि रात्री त्यांचे अंग तापते.

दिवस निवडताना पाहुण्यांना आधी हे समजावून सांगावे लागते, की हा पाऊस त्यांच्या ओळखीचा नाही. हॉलंडमध्येही पाऊस बारा महिने असतो, पण तिथे वर्षभरात मिळून साधारण साडेआठशे मिलिमीटर पडतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच तीन हजारांच्या वर जातो. ‘आम्ही काही साखरेचे बनलेलो नाही’ असे त्यांच्याकडे म्हणतात आणि सूनही ते मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाली होती. तिच्या झिरमिर पावसाला ते लागू पडते. म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा पाहावा. पिवळा असेल तर निःशंक निघावे, नारिंगी असेल तर शहराबाहेर जाऊ नये आणि लाल असेल तर घरात पत्ते काढावेत, कारण लाल इशाऱ्याचा अर्थ साधारणपणे चोवीस तासांत दोनशे चार मिलिमीटरहून अधिक पाऊस असा असतो. तेवढ्या पावसात ओढ्यावरचा नेहमीचा साकवही पाण्याखाली जातो आणि आपण कोणत्या बाजूला अडकू हे सांगता येत नाही.

इशाऱ्याबरोबर तिथीही पाहावी. आमच्या किनाऱ्यावर जुनी माणसे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब पंधरावीस मिनिटांनी इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढा पुरतो. बहुतेक लोक अशा वेळी ओहोटी निवडतात. मी भरती निवडते. पावसाळ्यात समुद्र वरून, रस्त्यावरून पाहायचा असतो, आणि पुरती भरती असली की खाली पुळण उरतच नाही, म्हणून ‘जरा पाय भिजवून येतो’ हा मोहही उरत नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस मिळाला तर दुपारी अकरा-साडेअकराच्या सुमारास लाटांचे रूप असे असते, की अकरा वर्षांचा मुलगाही मोबाईल खाली ठेवतो.

कपड्यांच्या बाबतीत पाहुण्यांनी आणलेल्या सामानावर विसंबू नये. त्यांचे महागडे रेनकोट वाऱ्यासाठी आणि भुरभुरीसाठी चांगले असतात, पण आमच्या पावसात अर्ध्या तासात पाणी शिवणीतून आत येते आणि मग आत घाम, बाहेर पाणी अशी अवस्था होते. बाजारातून साधे प्लॅस्टिकचे, गुडघ्याखाली येणारे रेनकोट घ्यावेत. पायात बूट-मोजे नकोत, आणि गुळगुळीत तळाच्या रबरी चपला तर मुळीच नकोत. टाचेला पट्टा असलेल्या पावसाळी सँडल घ्याव्यात. याचे कारण जांभा दगड. पाखाडीच्या (गावातल्या दगडी वाटेच्या), देवळाच्या, विहिरीच्या पायऱ्या बहुधा जांभ्याच्या असतात, त्यांवर जुलैपर्यंत हिरवे-काळे शेवाळ चढते आणि ते नवख्या माणसाला दिसत नाही, फक्त कळते. मुलांना पायरीच्या मधोमध न चालता कडेच्या खडबडीत भागावर पाऊल टाकायला, आणि उतरताना थोडे तिरके उतरायला शिकवावे. छत्री एकच, पण लांब दांड्याची काळी आणि मोठी असावी. सुनेची घडीची छत्री आरे-वारेच्या वळणावर पहिल्याच झोताने उलटी झाली. तिने ती वाऱ्याकडे तोंड करून सरळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा आमच्या ह्यांनी तिला पाठ वाऱ्याला करून, छत्री आधी मिटून, मग पोटाशी धरून उघडायला दाखवले. मुलांनी दिवसभर तोच खेळ केला.

गाडीत प्रत्येकाच्या नावाची एक पिशवी ठेवावी आणि तिच्यात आतल्या कपड्यांसह संपूर्ण जोड, पंचा आणि रिकामी प्लॅस्टिकची पिशवी असावी, म्हणजे ओले कपडे त्याच पिशवीत परत येतात. भाड्याची गाडी घेतली तर चालक स्थानिकच घ्यावा आणि निघण्यापूर्वी वायपर आपल्या डोळ्यांसमोर चालवून पाहावेत. एका वर्षी आम्हाला मिळालेल्या गाडीचा डावा वायपर केवळ शोभेचा होता. घाटाच्या रस्त्याने जाण्याचा मोह टाळावा. दरड कोसळली की वाहतूक कधी सुरू होईल याचा नेम नसतो आणि परतीचे विमान ठरलेल्या तारखेचे असते.

भिजण्याच्या अर्ध्या दिवसासाठी मी आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता सुचवते. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, पण थांबत जायचे असल्याने सकाळी आठला निघावे. शिरगाव मागे पडले की भाताची खाचरे लागतात, जुलैमध्ये तिथे लावणी चाललेली असते, आणि पुढे रस्ता डोंगरावर चढून एकदम समुद्राच्या वर येतो. इथे गाडी पूर्ण बाजूला घेऊन उतरावे. मे महिन्यात निळा दिसणारा समुद्र या दिवसांत मातकट, गढूळ आणि फेसाळ असतो. क्षितिजावरून पावसाची सर चालत येताना दिसते आणि ती आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल यावर मुलांशी पैज लावता येते. आमच्या नातवाने आकडे मोजून एकशे चाळीसवर ती अंगावर घेतली. याहून अधिक काही करावे लागत नाही.

खाली उतरण्याविषयी मात्र कठोर राहावे आणि हे घरूनच स्पष्ट सांगून निघावे. हॉलंडमध्ये मुले लहानपणीच रीतसर पोहायला शिकून प्रमाणपत्र घेतात, कारण त्यांचा देशच कालव्यांचा आहे. आमच्या दोन्ही नातवंडांकडे ती प्रमाणपत्रे आहेत. धोका तिथेच आहे. ज्याला पोहता येत नाही तो समुद्राला भितो. ज्याला तरणतलावात आणि संथ पाण्यात पोहता येते त्याला वाटते की आपल्याला जमेल. पावसाळ्यातल्या आमच्या समुद्रात लाट येते त्यापेक्षा परत जाते ती अधिक जोराची असते, पायाखालची वाळू ती ओढून नेते आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस क्षणात कमरेइतक्या पाण्यात जातो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर चांगले पोहणारेही बुडाले आहेत. ‘पोहायचे नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण पाय भिजवणे म्हणजे पोहणे नव्हे असा युक्तिवाद लगेच येतो. ‘पाण्याला पाय लावायचा नाही’ असे सांगावे. सुनेला हे सासूने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेले बरे, असा माझा अनुभव आहे.

गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्रालगत आहे आणि गणपती पश्चिमाभिमुख आहे. दर्शनाची रांग पावसाळ्यात, संकष्टीचा दिवस सोडला तर, आटोपशीर असते. परदेशी पाहुण्यांना देवळापेक्षा प्रदक्षिणा अधिक आवडते, कारण इथे डोंगरालाच गणपतीचे रूप मानतात आणि प्रदक्षिणा त्या संपूर्ण डोंगराला, म्हणजे सुमारे एक किलोमीटरची असते. पावसात झाडीतून पाणी टिपकत असते, वाटेच्या कडेने पन्हळीसारखे ओहोळ वाहतात आणि मुलांना मनसोक्त भिजता येते. समुद्राची सगळी हौस इथे फेडावी. वाट फरसबंद असली तरी निसरडी असते, तेव्हा धावण्याची मुभा देऊ नये.

प्रदक्षिणा झाली की लगेच कपडे बदलावेत आणि मगच जेवायला बसावे. जेवण घरगुती खानावळीत घ्यावे आणि आदल्या दिवशी फोन करून माणसे किती, मोदक किती, तिखट किती हे सांगून ठेवावे. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असल्याने ऐनवेळी गेल्यास फक्त वरणभात मिळतो. उकडीचे मोदक सुनेच्या पानात पडले की तूप वरून नव्हे, मोदक फोडून आत घालायचे, हे सांगण्याची जबाबदारी आपली. मासे हवेत असा हट्ट असेल तर तो समजूत घालून मोडावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे जुलैत मिळणारा पापलेट किंवा सुरमई बहुधा बर्फातली असते. त्यापेक्षा खाडीतल्या कुर्ल्या मिळाल्यास घ्याव्यात, नाहीतर सोड्यांची भाजी, कुळथाचे पिठले आणि गरम भात मागावा. या दिवसांत टाकळा, कुड्याच्या शेंगा, भारंगी अशा रानभाज्या असतात आणि त्या मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या नशिबी नसतात. कडवट भारंगी सुनेला आवडली, हे आम्हा सगळ्यांनाच अनपेक्षित होते. ती मराठी आमच्या मुलाकडून शिकली आहे, म्हणून त्याच्यासारखेच मला ‘आई, तू घे ना’ म्हणते; ते ऐकून वाढणाऱ्या बाई क्षणभर थबकल्या आणि मग त्यांनी तिच्या पानात न मागता आणखी एक मोदक वाढला.

जेवणानंतर पाऊस थांबलेला असेल तर दोन किलोमीटरच्या आत मालगुंड आहे, तिथे कवी केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक पाहून यावे. मराठी न येणाऱ्याला कवितांचे काही कळणार नाही, पण घराची उतरती छपरे आणि पडवी पाहून कोकणातले घर पावसासाठी कसे बांधलेले असते ते सांगता येते. अर्धा तास पुरे.

कोरड्या अर्ध्या दिवसासाठी शहरात परत यावे आणि थिबा राजवाड्यात जावे. मत्स्यालय, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि राजवाडा असे तिन्ही करण्याच्या फंदात पडू नये. मुले सहा वर्षांखालील असतील तर झाडगावचे मत्स्यालय घ्यावे, तिथला देवमाशाचा सांगाडा त्यांना पुरतो. २३ जुलै हा टिळकांच्या जयंतीचा दिवस हाती आला तर टिळक आळीतले घर घ्यावे. एरवी राजवाडाच. कोणतेही संग्रहालय असले तरी साप्ताहिक सुट्टी कोणती आणि दार किती वाजता बंद होते याची चौकशी आदल्या दिवशी करावी. सोमवारी बंद दारासमोर उभे राहण्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

राजवाडा निवडण्याचे कारण असे, की घरापासून लांब आलेल्या माणसाला त्याची गोष्ट सांगावी लागत नाही, ती आपोआप लागते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी राणी आणि लहान मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवले. हा राजवाडा तयार झाला १९१० साली आणि १९१६ साली थिबा इथेच वारला. म्हणजे परक्या गावातले एकतीस पावसाळे त्याने काढले आणि त्यांतले जेमतेम सहा-सात या वास्तूत. वरच्या मजल्यावर, नक्षीदार लाकडी खिडक्यांपाशी मुलांना उभे करावे. तिथून खाली भाट्याच्या खाडीकडचा मुलूख दिसतो आणि पाऊस असला की तो क्षणात दिसतो, क्षणात पुसला जातो. आमच्या नातीने तिथे विचारले, की राजाला घरी का जाऊ दिले नाही. सुनेने तिला डच भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितले. मी विचारले नाही.

गणपतीपुळ्याची वाट आधीच झालेली असेल, तर भिजण्याच्या अर्ध्या दिवसाला दोन पर्याय आहेत. पहिला रेल्वेचा. रत्नागिरीहून चिपळूणच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने संगमेश्वर रोडपर्यंत जाऊन परत यावे. भोके आणि उक्षी या स्थानकांच्या मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि उक्षीजवळ रानपाटचा धबधबा गाडीतूनच दिसतो. ज्या देशात डोंगरच नाहीत तिथल्या मुलांना हे भारी वाटते, आणि आजी-आजोबांचे गुडघेही वाचतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, म्हणून परतीची गाडी पाहूनच निघावे. दुसरा पर्याय नात्यातल्या कुणाची शेती असेल तर लावणीचा. आवणाची मूठ हातात घेऊन चार रोपे चिखलात रोवणे मुलांना फार आवडते, पण पायाला जखम किंवा ओरखडा असलेल्याला खाचरात उतरू देऊ नये. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि आमच्या भागात तो पावसाळ्यात आढळतो. गमबूट घालावेत, नंतर हातपाय साबणाने धुवावेत, आणि परत गेल्यावर ताप आला तर आपण चिखलात उतरलो होतो हे तिथल्या डॉक्टरांना सांगायला सुनेला बजावून ठेवावे, कारण त्यांना ते सुचणार नाही. धबधब्याखाली उभे राहण्याच्या सहली मी करत नाही. वर डोंगरात सर आली की खालचे पाणी काही मिनिटांत वाढते, आणि तिथे जमणाऱ्या गर्दीत मुलांवर लक्ष ठेवणे अशक्य असते.

जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, तरी ढगांमुळे सहापासूनच अंधारते. साडेपाचला घरी असावे. आल्याबरोबर सगळ्यांनी गरम पाण्याने अंघोळ करावी आणि मगच पातीचहा आणि तळलेले फणसाचे गरे समोर ठेवावेत, कारण गरे आधी दिसले तर अंघोळ होत नाही. ओले कपडे पिळून लगेच धुवावेत, रात्रभर पिशवीत राहिले तर त्यांना येणारा आंबूस वास दोनदा धुऊनही जात नाही. लहान कपड्यांसाठी माझ्या सासूबाईंची पद्धत अजून चालते : शेगडीत मंद निखारे, तिच्यावर उपडी वेताची टोपली, आणि टोपलीवर मोजे, बनियन, हातरुमाल पसरून ठेवायचे. खिडकी किलकिली ठेवावी आणि शेगडीपाशी कुणीतरी बसून राहावे. सुनेला हे काम इतके पटले की आता ते तिच्याकडेच असते. सँडल नळाखाली धुऊन पडवीत उपड्या घालाव्यात, आणि कुणी ऐकले नाही म्हणून बूट भिजलेच असतील तर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपण्यापूर्वी ते एकदा बदलावेत.